ओझे रोज बदलते, हूक तोच राहतो



ट्रॅक्टर घेताना आपण किती चौकशी करतो! किती अश्वशक्तीचा, डिझेल किती खातो, तालुक्याला मेकॅनिक आहे का, बँकेचा हप्ता सहामाही की सालाचा. ट्रॉली बांधायला टाकताना पत्रा किती जाड, टायर नवे की जुने यावर कारागिराशी तासभर घासाघीस चालते. पण ही दोन धुडे जिथे एकमेकांना जोडली जातात, त्या हातभर लोखंडाबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही. "बसतो ना रिंगीत? मग झाले," एवढ्यावर विषय संपतो. हुकाची पिन हरवली तर पहारीचा तुकडा किंवा जाड सळई घालून काम भागवले जाते. सीसीआयच्या २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पंचवीस क्विंटलांची ट्रॉली म्हणजे दोन लाखांवर माल झाला. तो सळईच्या तुकड्यावर लोंबकळत जिनिंगला जातो आणि त्याच्यापुढे दोन हात अंतरावर आपला पोरगा बसलेला असतो.

भावाच्या लढाईत हा हुकाचा विषय कुठून आला, असे काही कार्यकर्ते म्हणतील. आमचे म्हणणे असे की हा त्याच लढाईचा भाग आहे, ते पुढे येईलच. आधी लोखंडाचे बोलू.

साखर कारखान्याच्या ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे एक बरे असते. हंगामभर एकच माल, एकच रस्ता. आपल्या कोरडवाहू गावातली ट्रॉली बारा महिने बारा धंदे करते. दिवाळीपासून कापूस, संक्रांतीनंतर ज्वारीची पोती, मग कडबा, उन्हाळ्यात शेणखत आणि गाळ, घर बांधायला काढले की मुरूम नि वाळू, आणि टंचाईच्या गावात पाण्याची टाकी. या प्रत्येकाचे वजन वेगळे आहेच, पण वजन ट्रॉलीत कुठे बसते तेही वेगळे आहे. हुकाला फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीने, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते.

हे आपल्याला नवे नाही. बैलगाडी भरणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पोती पुढे जास्त पडली तर जू बैलांच्या मानेवर बसते, मागे जास्त पडली तर गाडी उलाळ होते (वऱ्हाडाकडे उलार म्हणतात), जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोत्यांचा फास बसतो. म्हणून जुना गाडीवान शेवटची दोन पोती टाकण्याआधी दांडी हाताने उचलून पाही आणि मग ठरवी की ती पुढे टाकायची की मागे. दोनचाकी ट्रॉली म्हणजे हीच गाडी. बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला. फरक इतकाच की मान दुखली तर बैल थांबतो, हूक थांबत नाही.

हिशेब शाळेतल्या तराजूइतका सोपा आहे. हुकापासून ट्रॉलीच्या आसापर्यंत दहा फूट अंतर धरा. ट्रॉलीत तीस क्विंटल माल आहे आणि त्याचा मध्य आसाच्या एक फूट पुढे आहे. तीसला एकाने गुणा, दहाने भागा. हुकावर तीन क्विंटल ओझे आले. तोच माल फूटभर मागे सरकला, म्हणजे मध्य बरोबर आसावर आला, तर हुकावर मालाचे काहीच ओझे नाही. आणखी फूटभर मागे गेला तर हूक तीन क्विंटलांनी वर उचलला जातो. माल तोच, ट्रॉली तीच. दोन फूट इकडचे तिकडे झाले आणि हुकावर सहा क्विंटलांचा फरक पडला.

आता आपला माल बघा. कापूस फुगीर. फळ्या लावून, तुडवून, डोंगर केला तरी भरते वीस-पंचवीस क्विंटल, आणि ते साधारण सगळीकडे सारखे पसरते. म्हणून कापसाच्या दिवसांत कुठलाही हूक चालून जातो, आणि "आमचा हूक दहा वर्षे काही झाला नाही" ही फुशारकी त्यातूनच येते. त्याच ट्रॉलीत वाळू भरा. शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास वाळू, चाळीस क्विंटलांच्या वर जाते. दोन फूट उंचीच्या फळ्यांपर्यंत ट्रॉली भरली तर पन्नास क्विंटल सहज. शिवाय खोऱ्याने भरताना ढीग कुठे पडेल ते भरणाऱ्याच्या सोयीवर. ट्रॅक्टरच्या बाजूला उभा राहून भरले तर ढीग पुढे पडतो.

कडब्याची गोष्ट उलटी. वजन कमी, म्हणून आपण गाफील राहतो. पण पेंढ्या मागच्या फळीबाहेर तीन-चार हात काढून रचल्या जातात आणि मध्य आसाच्या मागे जातो. हूक उचलला की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात हे ध्यानात घ्या. उतारावर कडब्याची गाडी ब्रेक दाबूनही घसरते ती यामुळे, आणि दोष मात्र ब्रेकच्या तेलाला दिला जातो.

सर्वात वाईट पाण्याची अर्धी भरलेली टाकी. पाच हजार लिटरची टाकी पूर्ण भरली तर पन्नास क्विंटल, पण पाणी हलायला जागा नसते. अर्धी असली की चढावर पाणी मागे धावते, ब्रेक लावला की पुढे आदळते. हुकावर कधी दाब, कधी उचल, क्षणाक्षणाला. सळईची पिन उडून बाहेर पडते ती अशा वेळी. टाकीत आडवे पत्रे असतील तर पाण्याची धाव मोडते, पण गावोगाव फिरणाऱ्या टाक्यांत ते घातलेले आहेत की नाहीत, झाकण उघडून डोकावून बघायची तसदी कुणी घेतली आहे?

जिनिंगवरचा प्रकारही सांगायला हवा. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर माल परत. अर्धी ट्रॉली रिकामी झाल्यावर ग्रेडरचे मन फिरते आणि उरलेला माल तसाच घेऊन जा म्हणतो. उरलेला माल पुढे आहे की मागे, हे त्या वेळी बघायच्या मनःस्थितीत कुणी नसते. रात्री घरी निघालेली ती अर्धी ट्रॉली सकाळच्या भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त बेभरवशाची असते.

अमेरिकेत शेतकरी पिकअप नावाच्या उघड्या हौद्याच्या गाडीमागे ट्रेलर जोडतो. तिथेही हीच अडचण आहे, कारण हौद्यात आज खताची पोती, उद्या काहीच नाही. पण तिथल्या हुकावर दोन आकडे छापलेले असतात : किती ओढेल आणि किती ओझे पेलेल. त्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या हुकावर साधारण ८,००० पौंड ओढ आणि ८०० पौंड दाब असे लिहिलेले सापडते, म्हणजे छत्तीस क्विंटल आणि साडेतीन क्विंटल. शिवाय तिथला जाणता शेतकरी एक वजाबाकी करतो. हौद्यातले ओझे आणि ट्रेलरचा हुकावरचा दाब, दोन्ही शेवटी गाडीच्या मागच्याच आसावर येतात. म्हणून हौदा भरला त्या दिवशी ट्रेलर हलका. हूक निवडताना तो रिकाम्या हौद्याचा दिवस धरीत नाही, भरलेल्या हौद्याचा धरतो. आमचेही मत तेच आहे. वर्षातले दोनशे दिवस ट्रॉलीत काय असते हे बघून हूक घेऊ नका. जे दहा-पंधरा दिवस मुरूम, वाळू नि टाकी असते, ते बघून घ्या.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या जागा कोणत्या? खालच्या दोन लिंकांमध्ये बसवायची भोकांची पट्टी ही एक. ती नांगर-वखरासाठी, हलक्या ओढीसाठी आहे. ट्रॉलीला वापरायचीच असेल तर तिला दोन्ही बाजूंनी आधाराचे स्टे आवळून ती हलणार नाही अशी बांधली पाहिजे. नाहीतर चालवणाऱ्याच्या कोपराने हायड्रॉलिकचा दांडा हलला की पट्टी वर जाते आणि ट्रॉलीची ओढ आसाच्या वर जाते. दुसरी जागा म्हणजे गिअरपेटीच्या खालून येणारा कंपनीचा जाड ड्रॉबार किंवा त्याच बांध्याला बोल्टने आवळलेला दोन कानांचा हूक, ज्याला उंची बदलायची भोके असतात. ट्रॉलीची जागा ही. तिसरी जागा टॉपलिंकची. तिथे ट्रॉलीच काय, रुतलेली बैलगाडीसुद्धा जोडायची नाही. चिखलात ट्रॅक्टर रुतला की "वरून साखळी लाव, जोर येतो" असे सांगणारा एक शहाणा प्रत्येक गावात असतो. त्याला दूर ठेवा.

उंचीने काय होते ते आकड्यांत सांगतो. पस्तीस अश्वशक्तीचा अठरा क्विंटलांचा ट्रॅक्टर धरा. उभा असताना पुढच्या चाकांवर साडेसहा क्विंटल असतात. चाकांतले अंतर सहा फूट, हूक मागच्या आसाच्या दोन फूट मागे. ट्रॉली मालासकट पन्नास क्विंटलांची, नाल्याचा चढ दहात एक. ती ओढायला साडेसात क्विंटलांचा जोर लागतो. हूक जमिनीपासून दीड फुटावर असेल तर या ओढीने पुढची चाके जवळपास दोन क्विंटलांनी हलकी होतात. हुकावरच्या तीन क्विंटल दाबाने आणखी एक क्विंटल जातो. पुढे उरले साडेतीनच्या थोडे वर. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा राहावा असा नियम आहे, तो इथे जेमतेम पाळला जातो. आता तीच ट्रॉली तीन फूट उंचीवर जोडा. नुसत्या ओढीने पावणेचार क्विंटल गेले, दाबाने एक. उरले पावणेदोन. त्यात मुरूम फूटभर आणखी पुढे पडला असेल तर पाऊण क्विंटल. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे कलते, ते यात धरलेलेच नाही. अशा वेळी क्लच झटक्याने सुटला की पुढची चाके आकाशाकडे जातात. उडी मारायला वेळ मिळत नाही. डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे आटोपते.

ट्रॉलीची रिंग उंच आहे म्हणून हूक वर चढवून घेणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे. तो उलटा आहे. कारागिराकडून ट्रॉलीचा दांडा खाली वाकवून घ्या किंवा रिंग खाली बसवून घ्या. रिंग जोडल्यावर ट्रॉलीचा तळ जमिनीशी समांतर राहिला पाहिजे. तळ मागे कलला तर प्रत्येक माल मागे सरकतो.

चारचाकी ट्रॉलीचे काय, असे मराठवाड्यातल्या काही भावांनी विचारले. तिच्यात माल पुढच्या आणि मागच्या आसावर बसतो, हुकावर दाब जवळजवळ येत नाही, नुसती ओढ राहते. माल रोज बदलणाऱ्याला ती सोयीची आहे यात शंका नाही. पण दाब नाही म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकडही नाही. पावसाने भिजलेल्या काळ्या रानात चाके जागच्या जागी फिरतात. शिवाय मागे घेताना ती भल्याभल्यांना घाम फोडते. तेव्हा ज्याची ट्रॉली बहुतेक सडकेवर भाड्याने फिरते त्याने चारचाकी घ्यावी, ज्याची रानातून शेणखत नि कापूस वाहते त्याने दोनचाकीच ठेवावी, मात्र हूक आणि भरण्याची शिस्त नीट करून. दोनचाकीत एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. शून्य नको आणि उचल तर मुळीच नको. आणि ड्रॉबारला जास्तीत जास्त किती दाब चालतो तो आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघून, त्याच्या आत राहा.

पिनेबद्दल एवढेच, की ती कंपनीच्या मापाची, डोक्याची आणि खाली कुलूप-खिळा लागणारी हवी. हुकाचे भोक घासून लंबगोल झाले असेल तर वेल्डिंगचा डाग देऊन भागणार नाही, हूक बदला. जोडीला ट्रॉलीपासून ट्रॅक्टरच्या बांध्यापर्यंत एक जाड साखळी ठेवा. पिन उडाली तर ट्रॉली निदान मागच्या माणसांवर जाणार नाही.

माणसांचा विषय निघालाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर बायांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी गेल्या. तिथे हूक कारणीभूत होता असे आम्ही म्हणत नाही. पण वेचणीला जाणाऱ्या बाया आजही ट्रॉलीतूनच जातात, आणि दोन पोरे हटकून दांड्यावर पाय सोडून बसलेली असतात. माणूस हे सर्वात जास्त हलणारे ओझे आहे. आणि अपघात झाल्यावर मालवाहू ट्रॉलीत माणसे का होती, हा विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो. बायांना न्यायला दुसरे वाहन परवडत नाही, हे उत्तर तिथे चालत नाही.

आता भावाच्या लढाईशी संबंध. पंचनाम्यात नेहमी एकच वाक्य असते : चालकाने क्षमतेपेक्षा जास्त माल भरून निष्काळजीपणे वाहन चालविले. जास्त माल का भरला? हौस म्हणून? जिनिंगवर दिवसाला एकच पाळी मिळते, रांगेत रात्र काढावी लागते, दोन खेपांचे डिझेल मालाच्या भावातून निघत नाही, म्हणून दोन खेपांचा माल एका खेपेत कोंबला जातो. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात गाड्यांच्या रांगा बघितलेल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. खरेदी केंद्र लांब, केंद्रे मोजकी, आणि रांगेचा सगळा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर. ट्रॉली उलटली तर निष्काळजी तोच.

आणि क्षमता कुणाला माहीत आहे? परिवहन कार्यालयाच्या नोंदणीच्या कागदावर ट्रॉलीचे रिकामे नि भरलेले वजन लिहिलेले असते. हुकावर मात्र काही नसते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात ड्रॉबारचा आकडा असतो, पण ते पुस्तक बहुधा इंग्रजीत आणि बहुधा ट्रंकेत. कृषी महाविद्यालयांत ओढीची रेषा नि वजनाची बदली हे सगळे शिकवतात. आम्हीही ते शिकलो, परीक्षेत लिहिले. ते ज्ञान गावात घेऊन येणारा एकही विस्तार अधिकारी आम्हाला या विषयावर बोलताना भेटलेला नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापल्याशिवाय ती विकता येत नाही. मग जिवावर बेतणारे लोखंड बिनआकड्याचे कसे विकले जाते?

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडावा असे आम्ही सुचवतो. ट्रॅक्टर विकताना विक्रेत्याने ड्रॉबारची ओढ आणि दाब हे दोन आकडे मराठीत, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर न पुसले जातील असे लावून द्यावेत. ट्रॉली बांधणाऱ्याने रिकामे वजन, आसापासून रिंगीपर्यंतचे अंतर आणि रिंगीची उंची पट्टीवर कोरून द्यावी. गावातल्या कारागिरावर इन्स्पेक्टर सोडा अशी आमची मागणी मुळीच नाही. तसे केले तर हप्ता तेवढा वाढेल, लोखंड तेच राहील. गिऱ्हाईकाने पट्टी मागितली की कारागीर ती लावील. आणि खरेदी केंद्रावर अर्धी ट्रॉली परत पाठवायची असेल तर ग्रेडरने आधी नमुना घ्यावा, माल उतरवायला लागल्यावर नव्हे.

बैठकीला ट्रॉलीने येणाऱ्यांनी वाटेत धर्मकाट्यावर एक काम करावे. आधी ट्रॉली सोडवून, पुढचा टेकू काट्यावरच टेकवून, सगळी ट्रॉली मालासकट मोजा. मग ती ट्रॅक्टरला जोडून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर ठेवा, ट्रॅक्टर काट्याबाहेर, आणि पुन्हा मोजा. पहिल्या वजनातून दुसरे वजा केले की हुकावर किती येते ते कळते. दुसरा आकडा मोठा आला तर गाडी उलाळ आहे, माल पुढे घ्या आणि मगच निघा. कापूस, कडबा, शेणखत, टाकी, ज्याची जी ट्रॉली असेल तिचे आकडे, रिंगीची उंची आणि ट्रॅक्टरची अश्वशक्ती एका कागदावर लिहून आणा. दुपारच्या सत्रात सगळे कागद एकत्र मांडून बघू.